हाताची चूक आणि मनाची चूक : स्मृतिभ्रंश असलेल्या ज्येष्ठांसाठी टॅप-क्लिकची रचना, प्रकल्प नोंदी

१२ फेब्रुवारी २०२४
कामाची हद्द ठरवली. सौम्य बोधात्मक घट ते मध्यम स्मृतिभ्रंश या टप्प्यातल्या ज्येष्ठांना चार गोष्टी कुणाच्या मदतीशिवाय करता याव्यात: घरच्यांना व्हिडिओ कॉल लावणं, जुने फोटो पाहणं, भजनं-गाणी लावणं आणि आजचा दिनक्रम बघणं. पाचवी गोष्ट आत येणार नाही, कितीही मागणी झाली तरी.

दोन मांडण्या करायच्या. पहिली टॅब्लेटवर, बोटाने वापरायची. दुसरी मेजावरच्या संगणकावर, माउसने. माउस वगळावा असा सूर होता, पण बँकेत, एलआयसीत, सरकारी कचेरीत वर्षानुवर्षं संगणकावर बसलेली माणसं आता या वयात आली आहेत. हाताला पूर्वी लागलेल्या सवयी आजाराच्या सुरुवातीच्या काळात घटनांच्या आठवणींपेक्षा जास्त टिकतात. सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण माउसवर हात ठेवला की बोटं आपोआप जागेवर जातात. अशा माणसाला टचस्क्रीन देणं म्हणजे त्याच्याकडे शिल्लक असलेलं कौशल्य काढून घेणं. ज्यांनी माउस कधी धरलाच नाही, त्यांना मात्र थेट बोटच द्यायचं. मेजावरची हालचाल आणि पडद्यावरचा बाण यांचा संबंध नव्याने जोडणं त्यांच्यासाठी फार जड काम आहे.

१६ फेब्रुवारी
मापं. टॅब्लेट १०.१ इंची, १२८० × ८०० पिक्सेल, म्हणजे इंचाला साधारण १४९ पिक्सेल, मिलिमीटरला ५.९. पडद्याचा उघडा भाग २१७ × १३६ मिमी.

बटणाचं माप पिक्सेलमध्ये बोलायचं नाही, हा नियम आजपासून. वेब सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत (डब्ल्यूसीएजी २.२, ऑक्टोबर २०२३) लक्ष्याचं किमान माप २४ × २४ पिक्सेल दिलं आहे आणि वरच्या पातळीसाठी ४४ × ४४. या टॅब्लेटवर त्याचे अनुक्रमे ४ मिमी आणि ७.५ मिमी होतात, २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर ६.६ आणि १२ मिमी. आकडा तोच, पण बोटाखाली येणारी वस्तू वेगळी. प्रत्येक नव्या उपकरणावर फुटपट्टी लावून मोजायचं.

आमची मांडणी: पडद्याच्या कडेने १२ मिमी रिकामी पट्टी (टॅब्लेट हातात धरला की अंगठा इथे पडतो), वर प्रश्नासाठी ३० मिमी (वरची पट्टी धरून), खाली दोन ओळी, प्रत्येकीत दोन बटणं, मध्ये १० मिमी अंतर. प्रत्येक बटण ९१ × ४२ मिमी. हे फार मोठं आहे का? फिट्सच्या नियमाने पाहू (लक्ष्य जितकं दूर आणि लहान, तितकं ते गाठणं अवघड). मॅकेंझी या संशोधकाने मांडलेल्या रूपात अवघडपणा = लॉग₂(अंतर ÷ रुंदी + १). २०० मिमी अंतरावरच्या १० मिमी बटणासाठी तो ४.४ बिट येतो, ४० मिमीसाठी २.६, ८० मिमीसाठी १.८. पहिल्या वाढीचा फायदा मोठा, नंतरचा कमी कमी होत जातो. म्हणजे ४० मिमीच्या पुढचा आकार हातासाठी नाहीच. तो फोटो आणि अक्षरांसाठी आहे, चेहरा ओळखू यावा म्हणून.

२३ फेब्रुवारी
प्रकल्पाचा कणा आज ठरला. टॅप चुकला की सगळे म्हणतात, बटण मोठं करा. पण चुका दोन जातींच्या असतात. एकीत माणसाला काय करायचं ते माहीत असतं, हात पोचत नाही. दुसरीत हात अगदी नेमका पोचतो, पण भलतीकडे. किंवा कुठेच जात नाही, कारण आपण काय करत होतो हेच निसटलेलं असतं. साध्या मोजणीत दोन्ही ‘चुकीचा टॅप’ म्हणूनच दिसतात. पहिलीला आकार, अंतर, थरथरीची गाळणी यांचा उपाय चालतो. दुसरीला यातलं काहीही चालत नाही आणि काही उपाय तर तिला वाढवतात.

म्हणून प्रत्येक स्पर्शाची कच्ची नोंद ठेवायची: बोट टेकल्याची वेळ आणि जागा, उचलल्याची वेळ आणि जागा, मधला सगळा माग, त्या क्षणी पडद्यावर काय होतं आणि आधीचा स्पर्श किती वेळापूर्वी झाला. ‘बटण दाबलं’ ही तयार घटना पुरत नाही. जे स्पर्श बटण ठरलेच नाहीत, त्यांतच सगळी माहिती असते.

वर्गवारी अशी:
घसरण — बोट बटणात टेकलं, बाहेर उचललं.
काठावरची चूक — बटणाच्या कडेपासून ५ मिमीच्या आत, पण बाहेर टेकलं.
लांब दाब — अर्ध्या सेकंदाहून जास्त टेकून राहिलं.
पुनरावृत्ती — त्याच जागी दीड सेकंदाच्या आत पुन्हा.
भलतं बटण — चुकीच्या बटणाच्या मध्यभागी, ठामपणे.
निर्जीव जागा — शीर्षकावर, चित्रावर, रिकाम्या भागावर.
थबकणं — बारा सेकंदांहून जास्त काहीच नाही.

सगळ्यात उपयोगी खूण म्हणजे काठापासूनचं अंतर. हाताच्या चुका काठांभोवती जमतात. मनाच्या चुका भलत्या बटणाच्या मधोमध पडतात. स्पर्शांचे ठिपके पडद्याच्या चित्रावर छापले की हा फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो, गणिताची गरज पडत नाही.

२८ फेब्रुवारी
संमती. आयसीएमआरच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत बोधात्मक अडचण असलेल्या व्यक्ती असुरक्षित गटात येतात. नातेवाइकांची सही घेतली की काम झालं असं मानायचं नाही. प्रत्येक वेळी त्या व्यक्तीला समजेल अशा दोन वाक्यांत विचारायचं, आणि हात मागे घेणं, उठायला बघणं, तोंड फिरवणं हे सगळं ‘नको’ म्हणून धरायचं. स्पर्शाच्या नोंदीत नाव नाही, फोटो नाही.

बैठका सकाळी दहा ते बारा. दुपारनंतर बऱ्याच जणांचा गोंधळ वाढतो, आणि तो रचनेचा दोष म्हणून मोजला जाईल.

बोधात्मक क्षमता तपासणाऱ्या मोका चाचणीचे गुण (३० पैकी) नोंदवायचे, पण त्यावरून मांडणी ठरवायची नाही. सारखे गुण असलेल्या दोघांपैकी एकाचा हात थरथरतो आणि दुसऱ्याला डावी बाजू दिसूनही लक्षात येत नाही. मांडणी स्पर्शांच्या ठिपक्यांवरून ठरेल.

५ मार्च
खोलीतल्या गोष्टी. यांची यादी लांब आहे आणि कोडला हात लावण्याआधी ती संपवायला हवी.

टॅब्लेट हातात नको. रबरी पायाच्या स्टँडवर, २० ते ३० अंशांत कललेला, नजरेच्या खाली. द्विकेंद्री चष्मा असलेला माणूस जवळचं खालच्या भागातून बघतो. पडदा उंच असला की मान मागे टाकून बघावं लागतं आणि मग हात अंदाजाने जातो. डोक्यावरच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडद्यात दिसत असेल तर जागा बदला किंवा मॅट स्क्रीनगार्ड लावा. पांढऱ्या झगझगाटावर बोट लावताना काही जण प्रतिबिंब टाळून बाजूला टेकवतात. ती काठावरची चूक म्हणून नोंदली जाते, आणि तिचं कारण छताला टांगलेलं असतं.

कोरडी बोटं: कपॅसिटिव्ह पडद्याला त्वचेतल्या ओलाव्याची गरज असते. वयानुसार त्वचा कोरडी होते, थंडीत आणखीच. स्पर्श लागत नाही, मग माणूस जोर लावतो, जोराने लांब दाब होतो, आणि पडदा भलतंच काही करतो. ओलसर रुमालावर बोट टेकवून घेतलं तरी फरक पडतो. उन्हाळ्यात उलटं: घामाचा थेंब पडद्यावर राहिला तर न केलेले स्पर्श नोंदले जातात. मायक्रोफायबरचं फडकं हाताशी असावं.

मदतनीस ताई काय सांगतात त्यानेही फरक पडतो. “दाबा” म्हटलं की बोट जोरात टेकतं आणि टेकलेलंच राहतं. “हलकंच बोट लावा” म्हटलं की टॅप होतो. पडद्यावरच्या सूचनेत आणि ध्वनिमुद्रित आवाजातही हेच शब्द ठेवले.

११ मार्च
घसरण. अँड्रॉइडमध्ये बोट ८ डीपीपेक्षा (डीपी हे तिथलं पडद्यावरच्या अंतराचं एकक) जास्त सरकलं की तो टॅप न राहता सरकवणं ठरतं. आपल्या टॅब्लेटवर ८ डीपी म्हणजे जेमतेम १.४ मिमी. थरथरत्या किंवा जोराने टेकलेल्या बोटाला हे अंतर सहज ओलांडता येतं. बटण सरकत्या यादीत असेल तर यादी स्पर्श हिसकावून घेते आणि बटणाला ‘रद्द’ एवढाच निरोप मिळतो. माणसाला दिसतं ते इतकंच: बोट लावलं, काही झालं नाही.

उपाय:
सरकती यादी कुठेच नाही. चारपेक्षा जास्त फोटो असतील तर पानं, आणि पान उलटायला मोठं बटण.
स्पर्श बटणात सुरू झाला की तो शेवटपर्यंत त्या बटणाचाच. उचलताना बोट बटणाबाहेर १५ मिमीपर्यंत गेलं तरी धरायचं, त्याहून दूर गेलं तर रद्द. रद्द करण्याची सोय काढून टाकायची नाही. बोट टेकताच क्रिया करणं सोपं वाटतं, पण मग टेकलेला हात मागे घ्यायला वाव राहत नाही. सुलभतेच्या तत्त्वांनाही क्रिया उचलताना व्हावी हेच अपेक्षित आहे.
टेकताक्षणी बटणाचा रंग गडद व्हावा आणि कडेची रेघ जाड व्हावी, सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत. बटणाने जागा किंवा आकार बदलायचा नाही.
लांब दाब म्हणजे टॅपच. त्याला दुसरा अर्थ नाही.

ओढून नेणं, दोन बोटांनी मोठं करणं, कडेवरून सरकवणं, दोनदा टॅप: यातलं काहीही नाही.

१९ मार्च
काठावरच्या चुका एका बाजूला झुकतात: ठिपके लक्ष्याच्या खाली पडतात. माणूस नखाच्या टोकाकडे बघून नेम धरतो, पडद्याला मात्र बोटाच्या पेराचा गुबगुबीत भाग लागतो. होल्झ आणि बाउडिश यांच्या २०१० च्या कामात स्पर्शातली ही तफावत यादृच्छिक नसून बोटाच्या कोनानुसार ठरलेली असते हे दाखवलेलं आहे. पडदा कललेला आणि बोट आडवं असलं की ती वाढते.

म्हणून दिसणारं बटण तसंच ठेवून त्याचं स्पर्शक्षेत्र खाली ४ मिमी आणि बाजूंना २ मिमी वाढवलं. बटणांमधल्या १० मिमी अंतरातले ६ मिमी तरीही मोकळे राहतात, आणि ते मुद्दाम राखले आहेत. कारण पुढच्या नोंदीत.

२६ मार्च
माउसकडच्या मांडणीसाठी जुन्या तंत्रांची तपासणी. १९९७ मध्ये वर्डन आणि सहकाऱ्यांनी ज्येष्ठांसाठी क्षेत्र-कर्सर आणि चिकट चिन्हं मांडली: बाणाच्या टोकाऐवजी एक चौकोनच लक्ष्य पकडतो आणि लक्ष्यावर आलं की बाणाचा वेग मंदावतो. २००५ मध्ये ग्रॉसमन आणि बालकृष्णन यांचा बुडबुडा-कर्सर आला. तो आपोआप मोठा-लहान होतो आणि नेहमी जवळचं एक लक्ष्य पकडून ठेवतो. हाताच्या चुकीवर ही सुरेख उत्तरं आहेत.

स्मृतिभ्रंशात बुडबुडा-कर्सर आम्ही वापरणार नाही. त्यात पडद्यावर रिकामी जागा उरत नाही. कुठेही क्लिक केलं तरी काहीतरी घडतंच. गोंधळलेला माणूस निर्जीव जागी क्लिक करतो तेव्हा तो अनेकदा विचारत असतो: हे काय आहे? त्या प्रश्नाला अचानक लागलेला व्हिडिओ कॉल हे उत्तर नव्हे. रिकामी जागा खरोखर रिकामी असली की मनाची चूक निरुपद्रवी राहते आणि आपल्याला नोंदीत दिसतेही. बुडबुडा ती चूक लपवतो.

बाण थांबवून ठेवला की आपोआप क्लिक होण्याचं तंत्रही याच कारणासाठी बाद. विचार करायला थांबलेला माणूस आणि निवड करून थांबलेला माणूस यांच्या बाणात फरक नसतो.

घेतलं ते असं: चिकट लक्ष्य सौम्य प्रमाणात, आणि ट्रेविन, कीट्स व मॉफट यांनी २००६ मध्ये मांडलेलं ‘स्टेडी क्लिक्स’. माउसचं बटण दाबताना हात हलतो आणि बाण लक्ष्यावरून सुटतो. या तंत्रात दाबल्यापासून सोडेपर्यंत बाण जागीच गोठवला जातो. हे दोन्ही फक्त हाताला मदत करतात, माणसाच्या वतीने निवड करत नाहीत. पुढचं कुठलंही तंत्र याच कसोटीवर घासायचं.

२ एप्रिल
विंडोजवरची मांडणी, क्रमाने: पॉइंटरचा आकार मोठा, काळी कड असलेला पिवळा. ‘पॉइंटर प्रिसिजन’ची खूण काढली, म्हणजे हाताच्या वेगानुसार बाणाचा वेग बदलणार नाही; हात तितका हलला की बाणही तितकाच. पॉइंटरचा वेग मधल्या खुणेपेक्षा दोन घरं कमी. उजव्या बटणाचा मेनू आणि चाक पानातच निकामी केलं. दोन्ही बटणांचा अर्थ एकच. दोनदा क्लिक कुठेच नाही (विंडोजमध्ये दोन क्लिकमधली मूळ मुदत ५०० मिलिसेकंद असते, ती वाढवली तर संथ हाताला सोपं जातं, पण पुनरावृत्तीची सवय असलेल्याला नाही). वायरवाला माउस, वायरलेसची बॅटरी संपली की कारण कुणालाच कळत नाही.

थरथर गाळण्यासाठी ‘वन युरो’ गाळणी (काझिए, रूसेल, व्होगेल, २०१२) लावून पाहिली. तिची दोन नियंत्रणं: किमान कटऑफ कमी केला की थरथर कमी होते पण बाण मागे पडतो, बीटा वाढवला की वेगात मागे पडणं कमी होतं. बाण ओढल्यासारखा यायला लागला की काही जण हात थांबवून त्याची वाट बघतात आणि तेवढ्यात काय करायचं होतं ते जातं. म्हणून थोडी थरथर राहू दिली आणि मागे पडणं टाळलं. लक्ष्यं मोठी आहेत, थरथर परवडते.

बाण हरवणं: बाण पडद्याच्या कडेला लपला की शोध संपत नाही. त्याला उचलून मध्यभागी आणून ठेवू नये, हाताशी असलेलं नातं तुटतं. माउस हलायला लागला की बाणाभोवती मोठं वर्तुळ उमटून सेकंदभराने विरतं, इतकंच केलं.

१५ एप्रिल
पुनरावृत्ती. सगळ्यात जास्त नुकसान हिचं. पहिल्या टॅपने पडदा बदलतो आणि दुसरा टॅप नव्या पडद्यावर, त्याच जागी असलेल्या बटणावर पडतो. फोटो बघायला गेलेला माणूस गाण्यांत पोचतो.

नुसतं नवा पडदा आल्यावर ८०० मिलिसेकंद स्पर्श बंद ठेवणं पुरत नाही. त्या काळात पडदा मेल्यासारखा वाटतो आणि टॅप वाढतात. दाबलेलं बटण त्या काळात गडदच दिसत राहिलं पाहिजे, सोबत एक बारीक आवाज. दुसरी काळजी: पडदा बदलताना बोट अजून टेकलेलं असेल तर ते उचलेपर्यंत बंदी उठवायची नाही. तिसरी आणि खरी: ज्या जागी आधीचं बटण होतं, त्या जागी नव्या पडद्यावर काहीच नको, किंवा तेच काम करणारं निरुपद्रवी बटण. मुलीच्या फोटोवर टॅप केल्यावर त्याच जागी तिचाच फोटो, “फोन लागतोय” या शब्दांसह. त्यावर कितीही टॅप करा, काही बिघडत नाही. ‘फोन थांबवा’ हे बटण तिथून लांब, खालच्या कोपऱ्यात.

प्रत्येक टॅपला बंदीची मुदत पुन्हा सुरू करायची नाही. सतत टॅप करणाऱ्याला पडदा कधीच उघडणार नाही.

“नक्की फोन लावायचा का?” असले प्रश्न काढले. होय-नाहीत अडकल्यावर मूळ इच्छाच विसरली जाते. प्रश्नाऐवजी परतीचा रस्ता: प्रत्येक पडद्यावर, त्याच कोपऱ्यात, घराचं चित्र आणि ‘घर’ हा शब्द.

२९ एप्रिल
भलतं बटण आणि थबकणं. इथे मापांचा काही उपयोग नाही. चारांपैकी एक निवडायला चारही वाचून लक्षात ठेवावे लागतात. भलत्या बटणाच्या मधोमध पडणारे ठिपके दिसले की पर्याय चारवरून दोनवर आणायचे. बटण मोठं करायचं नाही.

फोटोखालचं नाव फोनच्या यादीतलं नको, घरात हाक मारतात ते हवं: ताई, बाळू, नानांची सून. फोटो आजचा की वीस वर्षांपूर्वीचा, हे ज्या चेहऱ्याला ओळख मिळते त्यावर ठरवायचं. निळा-हिरवा फरक अर्थासाठी वापरायचा नाही. वयाने डोळ्याचं भिंग पिवळसर होतं आणि हे रंग जवळ येतात.

स्पर्श थांबला की मदत पायऱ्यांनी: ८ सेकंदांनी योग्य बटणांची कड जाड होते. १५ सेकंदांनी आवाज: “आजी, फोटोला हलकंच बोट लावा.” आजी, आजोबा, काकू की मॅडम, हे सेटिंगमध्ये आधीच विचारून भरलेलं. ३० सेकंदांनी एकच पर्याय उरतो. यातलं काहीही लुकलुकत नाही. लुकलुकणारी वस्तू हाताला ओढून घेते आणि इच्छा नसताना टॅप होतो. किती वेळ गेला तरी पडदा आपोआप मूळ जागी परतत नाही.

शिकवताना चुकू द्यायचं नाही. चुकून शिकणं हे चूक आठवणाऱ्याला जमतं. इथे चुकीची हालचालच हातात बसते. पहिल्यांदा एकच बटण असलेला पडदा, मग दोन.

१० मे
टॅब्लेट बंदिस्त केला. अँड्रॉइडची लॉक टास्क व्यवस्था लावली, म्हणजे कडेवरून बोट सरकलं तरी सूचनांचा पडदा खाली येत नाही आणि अॅप सुटत नाही. आयपॅड असलेल्या घरांसाठी गाइडेड अॅक्सेस पुरतं. त्यात पडद्यावरचा नको तो भाग बोटाने रेखून निकामी करता येतो. आयओएस १७ पासूनचं असिस्टिव्ह अॅक्सेसही पाहण्यासारखं आहे, पण त्याची पानं आपल्याला हवी तशी रचता येत नाहीत.

२४ मे
घरच्यांसाठी तपासणीचा तक्ता तयार केला. महिन्यातून एकदा ठिपक्यांचा नकाशा उघडायचा. काठांवर गर्दी वाढली असेल तर आधी स्टँड, उजेड, चष्मा आणि पडद्याची स्वच्छता बघा, मग स्पर्शक्षेत्र वाढवा. मधोमध पण भलत्या जागी गर्दी वाढली असेल तर पर्याय कमी करा. एका बाजूच्या बटणांना स्पर्शच होत नसेल तर सगळं दुसऱ्या बाजूला एका रांगेत आणा. हा बदल अचानक झाला असेल तर वाट न बघता लगेच डॉक्टरांकडे न्या. अचानक एक बाजू सुटणं हे पक्षाघाताचं लक्षण असू शकतं.

३१ मे
दोन पर्यायांतही मधोमध चुका पडायला लागल्या की पडदा निवडीसाठी वापरायचा नाही. त्या टप्प्यासाठी एकच खरं बटण: आर्केड खेळांत वापरतात तसलं ६० मिमीचं घुमटाकार, आत मायक्रोस्विच, यूएसबी एन्कोडरमधून संगणकाला स्पेसची कळ म्हणून जोडलेलं. लाकडी खोक्यात, तळाला रबर. ते खाली जातं, कट् असं वाजतं, बोटाला कळतं.

एक अडचण अपेक्षित आहे: हात बटणावर तसाच राहिला की संगणक ती कळ पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. कीडाउन (कळ दाबल्याच्या) घटनेतली ‘रिपीट’ खूण तपासून पहिली सोडून बाकीच्या टाकून द्यायच्या, आणि कळ सुटेपर्यंत पुढचं काही ऐकायचं नाही. बटण दाबलं की एकच गोष्ट घडते, आणि ती कोणती हे घरच्यांनी त्या माणसाला विचारून ठरवायचं. विचारणं शक्य नसेल तर आधीच्या महिन्यांच्या नोंदीत तो कशाकडे सगळ्यात जास्त वेळा गेला ते बघायचं.